पोलीस रेकॉर्डवरचं नाव निघतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलीस भरतीची जाहिरात निघाली किंवा घरात कुणी पासपोर्टचा अर्ज टाकला, की कोर्टाच्या आवारात हे प्रश्न घेऊन माणसं येऊ लागतात. खालची उत्तरं भारतातल्या कायद्याची आहेत, आणि महाराष्ट्र-गोव्यात व्यवहार कसा चालतो ते धरून दिली आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. त्याआधीच्या घटनांना जुनी भारतीय दंड संहिताच लागते, म्हणून गरज असेल तिथे जुनं आणि नवं, दोन्ही कलमं दिली आहेत.

अर्ज केला की रेकॉर्ड कोरं होतं, असा काही कायदा आपल्याकडे आहे का?

सज्ञान माणसासाठी नाही. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ठरावीक वर्षं सरळ वागलं की कोर्टात अर्ज करून रेकॉर्ड बंद करून घेता येतं. ब्रिटनमध्ये १९७४ पासून असा कायदा आहे, की काही काळ गेल्यावर लहानसहान शिक्षा नोकरीच्या बहुतेक अर्जांत सांगाव्याच लागत नाहीत. यूट्यूबवर ते व्हिडिओ बघून लोक विचारतात, ‘आपला फॉर्म कुठे मिळतो?’ असा फॉर्म आपल्याकडे नाही. आपल्याकडे आठ-दहा वेगवेगळ्या वाटा आहेत, आणि तुमची वाट कोणती हे केस कशी संपली यावर ठरतं. म्हणून पहिलं काम एकच. केसचा शेवटचा आदेश काय होता तो कागद शोधा. ‘मिटलं होतं सगळं’ हे उत्तर कुठेच चालत नाही.

पण रेकॉर्ड म्हणजे नेमकं कुठलं?

ते एका जागी नसतं, गोंधळ इथूनच सुरू होतो. पोलीस ठाण्याच्या गुन्हा रजिस्टरमध्ये एक नोंद असते. तीच सीसीटीएनएस या देशभरच्या संगणक प्रणालीत जाते आणि पडताळणीच्या वेळी तिथेच नाव टाकून बघतात. कोर्टाची फाईल वेगळी, ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावरची केसची माहिती आणखी वेगळी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील गुन्हे सोडून बाकीचे एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकले जातात, तिथूनही ते कुणीतरी उतरवून घेतलेले असतात. अटक झाली असेल तर बोटांचे ठसे आणि फोटो. आणि शेवटी वर्तमानपत्रातली बातमी. एका ठिकाणची नोंद निघाली म्हणून बाकीच्या निघत नाहीत.

कोर्टात दंड भरून केस त्याच दिवशी संपवली होती. मग रेकॉर्ड कसलं?

जन्माचं नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जत्रेत पत्ते खेळताना धरलं, दारू पिऊन गाडी चालवताना अडवलं, रस्त्यात आरडाओरडा केला म्हणून मुंबई पोलीस अधिनियमाखाली (आता त्याचं नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम) केस झाली. तारखेला कोर्टात गर्दी. कुणीतरी कानात सांगतं, ‘कबूल म्हण, दोन-पाचशे दंड होईल, मोकळा होशील.’ न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे का? पोरगा मान डोलावतो, खिडकीवर दंड भरतो, पावती खिशात घालतो आणि दुपारच्या एसटीने घरी जातो.

त्या पावतीचा अर्थ दोषसिद्धी. कोर्टाने तुम्हाला दोषी ठरवलं, शिक्षा केली, ती तुम्ही भोगली. तुरुंगात गेला नाहीत म्हणून ती दोषसिद्धी नाही असं होत नाही. आणि कबुलीवर शिक्षा झालेली असल्याने अपीलही जवळपास बंद होतं. शिक्षा जास्त झाली किंवा बेकायदेशीर झाली, एवढ्याच मुद्द्यावर दाद मागता येते. कबुली समजून न घेता नोंदवली गेली, असं दाखवता आलं तर पुनरीक्षण अर्जाचा (वरच्या कोर्टाने तो आदेश तपासून बघावा, या मागणीचा) प्रयत्न होतो, पण वर्षं उलटून गेली असली तर ती वाट कठीण.

ट्रॅफिकचं ई-चलन यात येत नाही. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, याचं चलन भरणं ही मोटार वाहन कायद्यातली तडजोड आहे, दोषसिद्धी नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याचं प्रकरण (कलम १८५) मात्र कोर्टात जातं. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. तिथे दंड भरला की ती शिक्षाच.

माझं मत विचाराल तर, सरकारी नोकरीची वाट बघणाऱ्या मुलाने वकिलाशी बोलल्याशिवाय ‘कबूल’ हा शब्द तोंडातून काढू नये. तारखा पडतील, वैताग येईल, पण तो परवडतो.

निर्दोष सुटलो. नाव आपोआप निघतं का?

निघायला हवं, पण तसं होत नाही. ‘गुन्हा दाखल झाला होता’ ही नोंद पुसली जात नाही, तिच्यापुढे ‘निर्दोष मुक्तता’ असा शेरा चढायला हवा. कोर्टातून निकाल पोलीस ठाण्यात वेळेत पोहोचत नाही, पोहोचला तरी संगणकात चढत नाही, आणि पाच वर्षांनी पडताळणीच्या वेळी केस ‘न्यायप्रविष्ट’ दिसते.

म्हणून निकालाची प्रमाणित प्रत काढा. कोर्टाच्या नकला विभागात अर्ज द्यायचा असतो. एकदम तीन-चार प्रती काढून ठेवलेल्या बऱ्या. एक प्रत जोडून पोलीस ठाण्यात आणि पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयात नोंद अद्ययावत करण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि सही. ‘ठेवा इथं, बघतो’ म्हणजे पोच नव्हे.

दोषमुक्त होणं (आरोप ठेवण्याआधीच कोर्टाने सोडणं) आणि निर्दोष सुटणं, दोन्ही चालतात. निकालात ‘संशयाचा फायदा’ हे शब्द असतील तर मात्र पोलीस दलासारख्या नोकरीत अडचण येऊ शकते. साक्षीदार फुटल्यामुळे सुटलेल्या उमेदवाराला छाननी समिती नाकारू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये मान्य केलं आहे.

बोटांचे ठसे आणि फोटो तरी काढून टाकतात का?

या बाबतीत कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे ठसे, फोटो आणि इतर मोजमापं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे ७५ वर्षं राहतात. पण ज्याला आधी कधी तुरुंगवासाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, आणि जो खटल्याविना सुटला, दोषमुक्त झाला किंवा अपिलाचे सगळे टप्पे संपल्यावर निर्दोष ठरला, त्याची मोजमापं नष्ट करायची असतात. कोर्ट कारण नोंदवून ती ठेवायला सांगू शकतं. तेव्हा निकाल हातात आला की ठसे नष्ट करण्याची मागणी त्याच अर्जात घाला.

एफआयआर रद्द करून घ्यायला कोण पात्र?

लोक ज्याला ‘क्वॉशिंग’ म्हणतात ती ही वाट, उच्च न्यायालयाची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५२८. तक्रार जशीच्या तशी खरी धरली तरी त्यातून गुन्हाच बनत नसेल, तक्रार निव्वळ सूड म्हणून केलेली असेल, किंवा कायद्यानेच त्या कारवाईला मनाई असेल, अशा वेळी ती चालते. हरियाणाचे माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशा सात प्रकारांची यादी केली, आजही प्रत्येक अर्जात तिचा दाखला असतो.

दुसरा प्रकार आपसांत मिटल्याचा. नवरा-बायकोचं ४९८अ, म्हणजे सासरच्या छळाची तक्रार (आता कलम ८५), भाऊबंदकी, उसनवारीतून झालेली फसवणुकीची तक्रार, शेजाऱ्यांची मारामारी. ज्या कलमांत खालच्या कोर्टात तडजोड होत नाही, तिथेही दोघांचा वाद खासगी असेल तर उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं, असं २०१२ पासून पक्कं आहे. खून, बलात्कार, दरोडा, लाचलुचपत यांत मिटलं म्हणून रद्द होत नाही.

अर्ज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा पणजीजवळच्या पर्वरीला करायचा. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या लोकांना १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच मिळालं आहे. सावंतवाडीच्या माणसाचा मुंबईचा हेलपाटा त्याने वाचला. तक्रारदाराचं प्रतिज्ञापत्र लागतं आणि बहुतेक वेळा त्याला समक्ष उभं राहून सांगावं लागतं, की माझी हरकत नाही आणि माझ्यावर दबाव नाही. घटस्फोटाच्या तडजोडीत पैशाचा शेवटचा हप्ता याच दिवसासाठी राखून ठेवतात, त्याचं कारण हेच.

तक्रारदाराने पोलीस ठाण्यात ‘माझी तक्रार नाही’ असं लिहून दिलं. एवढं पुरेल?

नाही. दखलपात्र गुन्हा एकदा दाखल झाला की तक्रारदाराला तो परत घेता येत नाही, पुढे राज्य सरकार विरुद्ध तुम्ही असा खटला असतो. तो कागद फार तर पुढच्या तडजोडीला उपयोगी.

बांधावरच्या भांडणाचं उदाहरण घ्या. जुन्या दंड संहितेतली ३२३, ५०४, ५०६ (साधी मारहाण, अपमान, धमकी) एवढीच कलमं असतील तर खालच्याच कोर्टात तडजोड नोंदवता येते, आणि कायद्याने तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचाच होतो. पण त्याच भांडणात कुणाच्या हातात कोयता किंवा कुऱ्हाडीचा दांडा असेल तर ३२४ (धोकादायक हत्याराने दुखापत) लागतं, आणि ते तडजोडीत बसत नाही. मग उच्च न्यायालय गाठावं लागतं. खर्चात केवढा फरक पडतो, ते तालुक्याला राहणाऱ्याला सांगायला नको.

पोलिसांनी ‘बी समरी’ पाठवली म्हणतात. ते काय?

तपास करून खटला भरायचा नाही असं पोलिसांनी ठरवलं की तसा अहवाल न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, बी म्हणजे तक्रार खोटी, सी म्हणजे ना खरी ना खोटी, गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. पोलिसांनी पाठवणं पुरेसं नाही, कोर्टाने ती मंजूर केल्याचा आदेश हवा. कित्येकांकडे तो आदेश नसतोच.

एनसी, चॅप्टर केस, तडीपारी हे गुन्ह्याच्या रेकॉर्डमध्ये धरतात का?

अदखलपात्र तक्रार, म्हणजे एनसी, ही नुसती नोंद. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. चॅप्टर केस म्हणजे शांतता राखण्याचा बाँड, ती शिक्षा नव्हे. गणपती किंवा निवडणूक आली की गावातल्या दोन्ही गटांवर ती सरसकट होते. तडीपारी ही दोन वर्षांपर्यंतची प्रतिबंधात्मक कारवाई, तिच्यावर राज्य सरकारकडे अपील असतं. तिन्हींत दोषसिद्धी नाही. पण पडताळणी अहवालात त्या दिसतात, आणि फॉर्ममध्ये ‘प्रतिबंधात्मक कारवाई झाली आहे का’ असं थेट विचारलं असेल तर खरं लिहावं लागतं.

घटनेच्या वेळी वय सतरा होतं. आता काय?

ठसे-फोटो सोडले तर रेकॉर्ड खरोखर नष्ट करायला सांगणारा कायदा आपल्याकडे हाच, बाल न्याय कायदा २०१५. अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चाललं असेल तर त्या दोषामुळे पुढे कुठलीही अपात्रता येत नाही (कलम २४). अपिलाची मुदत किंवा केंद्राच्या २०१६ च्या नियमांतली सात वर्षं संपली की ते रेकॉर्ड नष्ट करायचं. आणि कलम ७४ तर फार कमी पोलिसांना तोंडपाठ असेल: प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्य प्रमाणपत्रासाठी किंवा कशासाठीही पोलिसांनी त्या मुलाची नोंद उघड करायची नाही. वर्तमानपत्रात किंवा इतर माध्यमांत मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अपवाद एकच. सोळा ते अठरा वयात, किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यात, बाल न्यायालयाने सज्ञान म्हणून खटला चालवून दोषी ठरवलं असेल तर हे संरक्षण नाही.

२०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की अल्पवयात दाखल झालेल्या प्रकरणावरून नोकरी नाकारता येणार नाही. पडताळणीत तुमचं असं जुनं प्रकरण निघालं तर घाबरून जाऊ नका. अर्जात कलम २४ आणि ७४ लिहा आणि शाळेचा दाखला जोडा.

वय तेव्हा कुणी बघितलंच नाही आणि केस सज्ञानाची म्हणून चालली, असंही होतं. अल्पवयीन असल्याचा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर, अगदी अंतिम निकालानंतरही मांडता येतो. दहावीचं प्रमाणपत्र तिथे सगळ्यात भक्कम पुरावा.

‘चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर’ सोडलं होतं. ती शिक्षा धरायची का?

१९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली समज देऊन किंवा बाँडवर सोडलं असेल तर कलम १२ प्रमाणे दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही. दोष ठरल्याची गोष्ट मात्र राहते. आधीच सरकारी नोकरीत असाल तर खातं त्या वर्तनाबद्दल कारवाई करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. एकवीसच्या आतल्या आरोपीला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टाला कारणं लिहावी लागतात. वकिलाने शिक्षेच्या मुद्द्यावर बोलताना हे मागायला हवं, आणि मागितलं जात नाही ही रोजची गोष्ट.

आंदोलनातले गुन्हे सरकारने मागे घेतले. आता आम्ही मोकळे?

शासन निर्णय निघाला म्हणजे गुन्हा गेला असं नाही. सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाची परवानगी लागते (जुनं ३२१, नवं ३६०). नव्या कायद्यात पीडिताचं म्हणणंही ऐकायचं आहे. आरोप ठेवण्याआधी परवानगी मिळाली तर दोषमुक्ती, नंतर मिळाली तर निर्दोष मुक्तता. आमदार-खासदारांच्या खटल्यांत २०२१ पासून उच्च न्यायालयाची परवानगीही लागते. रास्ता रोकोत पुढाऱ्याबरोबर बसलेल्या कार्यकर्त्याने आपल्या केसची तारीख स्वतः ई-कोर्ट्सवर बघावी. पुढारी विसरलेला असतो.

नोकरीच्या फॉर्मवर काय लिहायचं?

जे विचारलंय ते खरं. भरतीत साक्षांकन नमुना (स्वतःची माहिती खरी असल्याचं लिहून देण्याचा फॉर्म) भरून घेतात, त्यात साधारण तीन वेगळे प्रश्न असतात: कधी अटक झाली का, कधी खटला चालला का, कधी शिक्षा झाली का. निर्दोष सुटलेला मुलगा तिन्हींना ‘नाही’ लिहितो आणि फसतो. शिक्षा नाही हे खरं, पण अटक झाली होती, खटला चालला होता.

सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी २०१६ मध्ये याचे नियम घालून दिले. घोषणाबाजी किंवा किरकोळ भांडणासारखं प्रकरण लपवलं असेल तर नियुक्ती अधिकाऱ्याने ते सोडून देता येतं. गंभीर गुन्ह्यातली शिक्षा लपवली तर नोकरी जाते. खरं सांगितलं तरी नेमणूक द्यायलाच हवी असं नाही, अधिकाऱ्याने सगळं बघून ठरवायचं. आणि फॉर्ममध्ये जे विचारलंच नाही ते सांगितलं नाही म्हणून कुणाला काढता येत नाही. २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलातल्या एका जवानाच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितलं, की नुसती माहिती दडवली एवढ्यावरून डोळे मिटून बडतर्फ करायचं नाही.

तरी लपवण्याच्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. केस सांगून नोकरी मिळालेले आहेत. लपवून लागलेला माणूस दोन-तीन वर्षांनी, घराचं कर्ज काढून झाल्यावर, नोटीस हातात घेऊन येतो. फॉर्मवर गुन्हा रजिस्टर नंबर, कलमं, कोर्ट, निकालाची तारीख लिहा आणि प्रमाणित प्रत जोडा. जागा कमी पडली तर पुरवणी लावा.

एफआयआर रद्द झाला असेल आणि प्रश्न ‘कधी गुन्हा दाखल झाला होता का’ असा असेल तर? ‘होय, उच्च न्यायालयाने अमुक तारखेला रद्द केला’ असं लिहा.

पासपोर्ट मिळेल का?

नुसत्या एफआयआरवर अडत नाही. कोर्टाने दखल घेतलेला खटला चालू असेल तर कलम ६(२)(फ) आडवं येतं, आणि त्याच कोर्टाची परवानगी आणली तर १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे पासपोर्ट मिळतो. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर एक वर्षाचा. परवानगीच्या अर्जातच दहा वर्षांची मागणी लिहून टाका. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली असेल तर त्यानंतरची पाच वर्षं पासपोर्ट नाकारता येतो.

राज्यपालांची माफी मिळाली किंवा शिक्षेला स्थगिती मिळाली तर?

माफीने शिक्षा जाते, कोर्टाचा निकाल तसाच राहतो. अपिलात ‘शिक्षा’ स्थगित होणं आणि ‘दोषसिद्धी’ स्थगित होणं या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरी क्वचित मिळते. ऑगस्ट २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी परत आली ती दोषसिद्धीला स्थगिती मिळाल्यामुळे.

गुगलवर नाव टाकलं की निकाल समोर येतो. काढता येईल?

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं पुट्टास्वामी निकालाने २०१७ मध्ये ठरवलं. त्यानंतर काही उच्च न्यायालयांनी निर्दोष सुटलेल्यांची नावं झाकायला सांगितली. मद्रास उच्च न्यायालयाच्या अशाच एका आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. उच्च न्यायालयात रिट करता येते, पण हमखास काही मिळेल असं कुणी सांगत असेल तर फी देण्याआधी विचार करा.

एक माणूस पन्नास हजारांत रेकॉर्ड क्लिअर करून देतो म्हणतो.

देऊ नका. तो फार तर एका पडताळणीत कुणाला डोळेझाक करायला लावेल. पुढच्या पडताळणीत नोंद जागेवरच असेल, आणि त्यात लाचेचा गुन्हा वाढलेला असेल.

मुलगा अमेरिकेत शिकायला चाललाय. इथली केस रद्द झालीय, सांगायची का?

व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात प्रश्न असा आहे, की कधी अटक किंवा शिक्षा झाली होती का, मग त्यात पुढे माफी मिळाली असली तरीही. अटक झाली असेल तर ‘हो’ लिहून रद्द केल्याचा आदेश इंग्रजीत बरोबर न्यायचा. तिथे राहणाऱ्या मराठी मुलांसाठी उलट बाजूनेही हेच लागू. दुकानातली चोरी किंवा दारू पिऊन गाडी चालवल्याची केस तिथल्या राज्याने पुसली, तरी ग्रीन कार्डच्या वेळी इमिग्रेशन खातं ती बहुतेक वेळा दोषसिद्धीच धरतं. तिथल्या फौजदारी वकिलाने ‘कबूल कर, पुढे पुसून घेऊ’ म्हटलं, तर होकार देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करायचा.